दुपारी चारची लाट

१२ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं सगळं लिहून ठेवतात, म्हणून मागाहून त्यांच्यावर लिहिणाऱ्यांचे हाल होत नाहीत. वही शाळेच्या स्टोअरमधली आहे, पण कामही एका अर्थी शाळेचंच.

मोठी बातमी. प्रिन्सिपल जस्टिनाबाईंनी मला दहावीचं फिजिक्स दिलं. अकरा वर्षं मी इथे पीटी घेतोय. फिजिक्सचा अमेरिकन मास्तर उन्हाळ्यात घरी गेला आणि तिकडूनच ई-मेलने आजारी पडला. बाई म्हणाल्या, लोमेस, दुसरं कोणी नाहीच आहे. म्हणजे माझ्यासारखं दुसरं कोणी नाही. एवढं कबूल करायला बाईंना अकरा वर्षं लागली. असो, शाळेत माझं वजन आहे, हे त्यांनाही कळलं.

पहिलाच धडा लाटांचा. मला हसू आलं. मार्शल बेटांवर जन्मलेल्या माणसाने लाटा पुस्तकात वाचायच्या? आमच्या घराच्या पुढच्या दारी लगून, म्हणजे बेटाच्या आतलं शांत पाणी, मागच्या दारी दर्या. झोपेत कूस बदलली तरी एका कानात एक लाट, दुसऱ्या कानात दुसरी.

शिवाय बायकोचे, ताकिकोचे, आजोबा रिमेतो, म्हणजे लाटांवरून वाट काढणारे नावाडी, होते. होडीच्या तळाशी डोळे मिटून पडायचे आणि लाटांच्या नुसत्या धक्क्यावरून बेट कुठे आहे ते सांगायचे. आमच्या रक्तातच आहे ते. ताकिको म्हणाली, माझ्या रक्तात आहे, तुमच्या कसं येईल. लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून हिचं तुझं-माझं संपत नाही.

१३ ऑगस्ट

आणखी मोठी बातमी. लिबेट मावशी ३० सप्टेंबरला अमेरिकेला चालली, कायमची. मावशी म्हणजे माझ्या सासूची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, डायबिटीस, एक पाय कामातून गेलेला. मुलगा आर्कान्साला कोंबड्यांच्या कारखान्यात आहे, तो म्हणतो इथे तुला बघणार कोण.

आजोबांची लाटांची सगळी विद्या आता एकट्या मावशीपाशी आहे. जायच्या आधी कोणाला तरी द्यायला हवी. नाहीतर ती विद्या विमानात बसून आर्कान्साला जाणार, आणि तिथे समुद्र नाही.

देण्याचा रिवाज कडक आहे. बेटाच्या राजेसाहेबांची परवानगी लागते, ती मिळाली. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, संस्कृतीच्या दिवशी, राजेसाहेबांसमोर दर्यात परीक्षा. पास झाला तो रिमेतो. तोवर कोण शिकतंय हे शिकवणाऱ्याने बोलायचं नाही आणि शिकणाऱ्यानेही बोलायचं नाही. घरच्यांशीसुद्धा.

म्हणे गुपित. अख्ख्या खानदानात फिजिक्सचे मास्तर किती आहेत? एक.

संकल्प. एक, रोज सराव. दोन, वजन उतरवणे. तीन, कोणाला काही बोलायचं नाही.

१४ ऑगस्ट

स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. रिवाज घरच्यांपुरता आहे, स्टाफचा त्यात उल्लेख नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

पहिला तास. दणक्यात.

पुस्तकात पान ८४ वर व्याख्या आहे. मुलांना व्याख्या कळत नाहीत, म्हणून पीटीचा अनुभव वापरला. तीस पोरांना मैदानावर एका रांगेत उभं केलं. पहिल्याने बैठक मारायची आणि उठायचं, तो उठला की दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. बैठकांची लाट रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुंदर गेली. पाच वेळा केली. मग विचारलं, काय दिसलं?

एक पोरगी उठली आणि म्हणाली, सर, लाट शेवटापर्यंत गेली पण आम्ही कोणीच जागेवरून हललो नाही.

मी म्हटलं, कारण तुम्ही आळशी आहात. खरी लाट असती तर तुम्ही सगळे त्या टोकाला पोहोचला असतात. पोरीला दहा बैठका जादा दिल्या.

२२ ऑगस्ट

लाटेची लांबी, उंची, आणि एका सेकंदात किती लाटा येतात ते, एवढं फळ्यावर लिहिलं. लांबीला लॅम्डा नावाचं जे ग्रीक अक्षर आहे ते पाय फाकून उभ्या माणसासारखं दिसतं. मला जमतं. लांबी गुणिले सेकंदातल्या लाटा म्हणजे वेग. एवढंसं गणित, आणि त्यावर अमेरिकन मास्तर वर्षभर पगार खात होता.

२५ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर मावशीकडे जेवण. नीरफणस भाजलेला, मासे, भात, पुन्हा भात. मावशीने मला तीनदा वाढलं. ताकिकोला एकदाच. काय समजायचं ते मी समजलो.

जेवताना मावशीने विचारलं, जावईबापू, तुमचं वजन किती हो? मी म्हटलं, दोनशे चाळीस पौंडांच्या आसपास, पण उतरवतोय. मावशी एकदम म्हणाली, नका उतरवू, एवढा महिना तरी नका उतरवू. आणि ताटात आणखी भात.

म्हणजे शरीराची तयारी. जुन्या लोकांना माहीत असतं. संकल्प क्रमांक दोन रद्द, गुरूच्या आज्ञेने.

मग मला अंगणातल्या बाकाच्या अगदी टोकाला बसवलं आणि म्हणाली, इथे बसा, हलू नका आणि बोलू नका. मी अर्धा तास बसलो. तोवर ती आणि ताकिको आत दाराशी केवड्याच्या पानांच्या चटया विणत बसल्या. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, बावीस वेळा हललात, आणि बोलणं मोजलंच नाही.

पहिला पाठ मिळाला. स्थिर बसणे. थोर गुरू असेच आडून शिकवतात. ताकिकोला काही कळलं नाही, ती चटईतच होती.

२६ ऑगस्ट

सरावाची अडचण अशी की होडीत मला बसवत नाही. पोट आणि होडी यांची फ्रीक्वेन्सी जुळत नाही, एवढंच. त्यामुळे मी स्वतःची पद्धत काढली आहे. ट्रकच्या टायरची ट्यूब, घरासमोरच लगूनमध्ये, कमरेएवढ्या पाण्यात. डोळ्यांवर टॉवेल. साडेतीन ते साडेचार, रोज.

आज लाटा जाणवल्या नाहीत. झोप लागली. पण झोपेतही शरीर ग्रहण करत असतं.

२७ ऑगस्ट

शोध. 

बरोबर चार वाजता, उजवीकडून, आधी एक मोठी लाट, मग दोन मध्यम, मग बारीक बारीक. ट्यूब चांगली हलली. वारा तिकडून नव्हता. दर्यातून लाट इथे शिरायला वाटही नाही.

हँडीच्या बोटीची मोटर त्याच वेळी ठणठणत होती, त्यामुळे एकाग्रता गेली. हँडी म्हणजे माझा मेहुणा. मासे धरतो, बाकी वेळ दात काढतो.

२८ ऑगस्ट

पुन्हा चारला. तीच लाट. एक मोठी, दोन मध्यम.

२९ ऑगस्ट

पुन्हा. नाव दिलं आहे: लोमेस-लाट. आजोबांच्या वेळी रिलिब होती, ती पूर्वेकडची जबर लाट. काएलिब होती, ती पश्चिमेची. त्यांना नावं कोणी दिली कोणालाच माहीत नाही, कारण त्या काळी कोणी रोजनिशी लिहीत नव्हतं.

१ सप्टेंबर, रविवार

आज चार वाजता लाट आली नाही. साडेपाचपर्यंत थांबलो, बोटं सुरकुतली.

रविवारची सुट्टी पाळणारी लाट. आमच्या बेटावर निसर्गसुद्धा चर्चला जातो. यावर स्वतंत्र टिपण लिहायला हवं.

४ सप्टेंबर

ताकिको हल्ली रोज दुपारी मावशीकडे चटया विणायला जाते. पाचला येते ती केस ओले, अंगाला मीठ, पाठीवर वळ. विचारलं तर म्हणाली, पानं भिजवायला लागतात. एवढी? म्हणाली, मोठी चटई आहे.

रात्रीच्या जेवणाला मी तिला लोमेस-लाटेबद्दल सांगत होतो. ती ऐकता ऐकता भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडत होती बहुतेक. नवरा एवढा पुढे जाणार म्हटल्यावर बायकांना भीती वाटते. मी पाठीवर हात ठेवला तर ओरडली, तिथे नको, दुखतंय.

६ सप्टेंबर

मावशीकडे. पुन्हा भात, पुन्हा बाक. चौदा वेळा हललो. प्रगती.

आज मी मावशीला थोडं फिजिक्स समजावलं. आजवर तिचं सगळं तोंडी, तिलाही शास्त्राचा आधार मिळायला हवा. मी म्हटलं, मावशी, लाट पाणी वाहून आणते. ती म्हणाली, नाही हो जावईबापू, लाट पाणी नेत नाही, निरोप नेते. लांब कुठेतरी वादळ झालं, त्याचा निरोप. बेटाला धडकून परत फिरली, तर बेटाचा निरोप. बेटाला वळसा घालून आलेल्या दोन लाटा मागच्या बाजूला भेटतात, तिथे गाठ पडते, पण गाठीतून दोघी आपापल्या वाटेने जातात, आपला निरोप हरवू देत नाहीत. पाणी बिचारं तिथल्या तिथे वरखाली होतं.

मी वयाचा मान ठेवून गप्प बसलो. अशिक्षित माणसाला कवितेत बोलायची सवय असते. ताकिको मात्र चटई खाली ठेवून मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

९ सप्टेंबर, सोमवार

नारळ-प्रयोग. पान ८४ च्या पोरीला आणि मावशीला, दोघींना एकदम उत्तर.

बारा नारळांना लाल रंग दिला, नंबर टाकले. हँडीला सांगितलं, मागच्या दर्यात, लाटा फुटतात त्याच्या बरंच पलीकडे नेऊन टाक. वर्ग किनाऱ्यावर. लाटा दहा सेकंदांना एक, लांबी अदमासे दीडशे मीटर. गुणाकार फळ्यावर लिहून नेला होता. वेग येतो ताशी तेहेतीस मैल. एवढ्या वेगाने बारा नारळ येणार म्हटल्यावर पोरांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. कोणाच्या डोक्यात बसला तर बाई मलाच विचारणार. मी स्वतः हेल्मेट घातलं.

हँडीने नारळ टाकले. मी शिट्टी मारली. घड्याळ लावलं.

लाट आली, नारळ वर गेले. लाट पुढे गेली, नारळ खाली आले. दुसरी आली, पुन्हा वर. पुन्हा खाली. चाळीस मिनिटं. लाटा एकामागून एक किनाऱ्यावर येऊन फुटत होत्या आणि नारळ तिथेच बारा भाऊ ओळीत बैठका मारल्यासारखे. वाऱ्याने थोडे बाजूला सरकले, तेवढंच.

ती पोरगी रस्त्यापलीकडून म्हणाली, सर, नारळ पण आळशी आहेत का?

नारळांना रंग दिल्यामुळे पाण्याची पकड गेली, असा निष्कर्ष वहीत घालून वर्ग सोडला.

१० सप्टेंबर

हँडीने बाराही नारळ परत आणून दारात ठेवले. वर म्हणाला, भाऊजी, त्यांनी माफी मागितली आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

जस्टिनाबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. चाचणी परीक्षेत प्रश्न होता, पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखालून लाट गेली तर बूच कुठे जाईल. त्या पोरीने लिहिलं, कुठेही नाही, जागच्या जागी वरखाली होईल. मी शून्य दिलं. तिची आई बाईंकडे आली.

बाईंनी पुस्तकाच्या शेवटचं उत्तर दाखवलं. तेही पोरीसारखंच. मी म्हटलं, छपाईची चूक आहे, मी प्रकाशकांना कळवतो. बाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, लोमेस, नारळांचं मी ऐकलं. मी म्हटलं, हो, चर्चा आहे सगळीकडे.

लाटांची परीक्षा ऑक्टोबरमध्ये पुन्हा घ्यायची ठरली. बाई म्हणाल्या, तोवर तुम्ही पण वाचा. त्यांना काय माहीत, दोन आठवड्यांनी रिमेतो होणाऱ्या माणसाशी बोलताहेत ते.

१७ सप्टेंबर

लोमेस-लाटेबद्दल हँडीला विश्वासात घेतलं, कारण तो रोज पाण्यावर असतो. विचारलं, चारच्या सुमाराला उजवीकडून एक मोठी, दोन मध्यम, अशी लाट तुला कधी लागली का? हँडी म्हणाला, नाही बुवा, मला कशी लागेल. मग त्याला ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाला, भाऊजी, त्या लाटेचा मालक भेटला तर तुमचा नमस्कार सांगतो.

१८ सप्टेंबर

आज लाट पाचला आली. उद्या बघू.

१९ सप्टेंबर

आज साडेतीनला, आणि दोन वेळा, जाताना एकदा आणि येताना एकदा. शिवाय डोळ्यांवर टॉवेल असताना कोणीतरी खो खो हसल्याचा भास. लाट माणसाळायला लागली आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आलं. शेवटी आलं.

मावशीने निरोप पाठवला. येत्या शुक्रवारी सकाळी सहाला धक्क्यावर या. भरपेट खाऊन या. जीन्स घाला, जाड असेल ती.

ताकिको जवळच उभी होती. मी तिला म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही, बोलावणं आलंय. ती हळूच म्हणाली, मलाही आलंय. साहजिक आहे, घरचं माणूस सोबत लागतंच. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, मला फार भीती वाटते हो, मावशीने एवढी वर्षं जपलं, आणि माझ्यामुळे बुडालं तर? मी म्हटलं, तू फक्त किनाऱ्यावर उभी राहा, तुझ्यामुळे काय बुडणार आहे.

 रात्री उठून पाहिलं तर जमिनीवर उताणी पडून छताकडे बघत होती. तिला गोळी दिली.

२४ सप्टेंबर

भाषण तयार. सात पानं. सुरुवात राजेसाहेबांना वंदन करून, मग पान ८४, मग लोमेस-लाट, शेवटी मावशीचे आभार, दोन ओळी.

फुलाफुलांचा शर्ट इस्त्रीला दिला. दुकानाच्या काट्यावर वजन केलं, २४६ पौंड. मावशीला कळवलं. तिने दोन्ही हात जोडले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

लिहायचं नव्हतं. पण मग ही वही कशाला.

सहाला धक्क्यावर पोहोचलो. राजेसाहेब मागच्या मोटरबोटीत, दुर्बीण घेऊन. आमची शिडाची होडी तयार, उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूचा आधाराचा ओंडका, नवीन बांधलेली, हँडी शिडाच्या दोरीवर. मावशीला उचलून मागे बसवलं होतं. होडीच्या तळाशी ताकिको आडवी, डोळ्यांवर फडकं. मला वाटलं माझी जागा उबदार करून ठेवतेय. मी म्हटलं, ऊठ आता, मी आलो.

ताकिको उठली नाही. मग मावशी म्हणाली, जावईबापू, तुम्ही तिकडे, उलांडीच्या बाजूला, फळीच्या टोकाला. वारा वाढला की उलांडी उचलते, होडी उलटते. वजनाला माणूस लागतो. हलू नका आणि बोलू नका.

मी सात पानं खिशात ठेवली आणि फळीवर जाऊन बसलो. दुसरं काय करणार होतो. राजेसाहेब बघत होते.

लगूनच्या खिंडीतून बाहेर पडलो. किनारा गेला, माडांचे शेंडे गेले, मग काहीच उरलं नाही. हँडीने होडी तीन-चारदा गरागरा फिरवली, मलाही दिशा कळेना. मावशीने विचारलं, ताकिको, आर्नो कुठे? आर्नो म्हणजे शेजारचं बेट.

ताकिकोने पाठ तळाला आणखी टेकवली. मला राहवेना. मी म्हटलं, घाबरू नकोस, आधी लाटेची लांबी घे, मग सेकंद मोज, मग गुणाकार. ती म्हणाली, थांबा. मी म्हटलं, थांबायचं काय, सूत्र सोपं आहे, आणि तिच्या बाजूला वळून बोटांनी दाखवायला लागलो. मी वळलो तशी फळी डुगडुगली. मावशीचा हात होडीच्या काठावर घट्ट झाला. एवढ्या वर्षांत त्या बाईला घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. ताकिको रडक्या आवाजात म्हणाली, मावशी, मला काहीच लागत नाही, सगळं यांचंच हलणं लागतंय.

आणि तेवढ्यात माझं पोट उलटलं. सकाळी भरपेट खाल्लं होतं. मी फळीवर पालथा पडलो, दोन्ही हातांनी फळी धरली, डोळे मिटले. बोलायचं त्राण नव्हतं, हलायचं तर नव्हतंच. किती वेळ ते माहीत नाही.

मग तिचा आवाज आला. निराळाच. म्हणाली, ही रिलिब, माझ्या डाव्या खांद्याखालून. हिच्या उलट एक बारीक येतेय, धडकून परत फिरलेली. पुढे गाठ आहे, लहान. गाठीच्या पलीकडे दुसरी. मग डोळे बांधलेलेच, हात वर केला आणि बोट दाखवलं. हँडीने होडी त्या बोटावर लावली. वाऱ्याचा एक झोत आला, उलांडी माझ्याखाली उचलायला लागली आणि पुन्हा पाण्यावर बसली.

तासाभराने हँडीने हाक मारली. मी डोकं वर केलं. होडीच्या नाकासमोर आर्नोचे माड उभे होते, जरासुद्धा इकडेतिकडे नाहीत. मावशी तोंडावर हात घेऊन रडत होती. ताकिकोने फडकं सोडलं, माड बघितले आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून विचारलं, बरं वाटतंय का?

मला आनंद झाला नाही. खरं लिहायचं तर फार वाईट वाटलं, आणि ते पोटामुळे नव्हतं.

परतताना हँडीने सांगितलं. सहा आठवडे, रविवार सोडून, तो, मावशी आणि ताकिको त्याच्या बोटीतून बाहेर जात. तळाला पडून पडून ताकिकोच्या पाठीची सालटं निघाली. चार वाजता परत येताना बोट आमच्या घरासमोरून जायची. मी ट्यूबमध्ये, डोळ्यांवर टॉवेल.

राजेसाहेबांनी ताकिकोच्या गळ्यात हार घातला. माझ्याशीही हात मिळवला. हाताला वास येत होता, पण त्यांनी दाखवलं नाही.

२८ सप्टेंबर

घरी लोकांची रीघ. सगळे ताकिकोला भेटायला. मी भात शिजवला, दोनदा.

रात्री तिला म्हटलं, मला शिकवशील का? म्हणाली, राजेसाहेबांना विचारावं लागेल. मग थोड्या वेळाने म्हणाली, आणि तुम्हाला आधी होडीत बसायला यायला हवं. टोमणा नव्हता. मी बराच वेळ टोमणा शोधला.

३० सप्टेंबर, सोमवार

विमानतळ. मावशीच्या गळ्यात शिंपल्यांच्या इतक्या माळा की मान वळवता येईना. व्हीलचेअर ढकलायचं काम माझ्याकडे. आत जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, जावईबापू, शेवटी चांगले बसलात. मी म्हटलं, मावशी, मी आजारी होतो. ती म्हणाली, माहीत आहे, पण फळी सोडली नाहीत.

ताकिको तिच्या पायाशी बसली होती.  मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ताकिकोने दुखतंय असं म्हटलं नाही.

विमान गेल्यावर मी रडलो. लोकांना वाटलं मावशीसाठी. तेही होतंच.

१ ऑक्टोबर, मंगळवार

फिजिक्सचा तास. पान ८४ उघडलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, शुक्रवारची बातमी सगळीकडे गेली आहे. मी त्या पोरीचं शून्य खोडून पूर्ण गुण दिले आणि तसं वर्गात सांगितलं. छपाईच्या चुकीबद्दल बोलणार होतो, राहून गेलं.

मग तिनेच हात वर केला. म्हणाली, सर, तुम्ही होडीवर होता ना, बेट सापडलं तेव्हा नक्की काय केलं तुम्ही?

मी म्हटलं, मी वजनाला होतो.

कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, किती वजन, सर? मी म्हटलं, दोनशे सेहेचाळीस पौंड.

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.